वैनतेयचं सातवं झाकण

१

सही करून कागद हातावेगळा केला, आणि मग डॉक्टर नशरा मुकादमनं कृष्णकांतकाकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

खरं तर क्रम उलटा हवा. पण पनवेलमध्ये ओळखीच्या घरी गेलेल्या डॉक्टरला क्रम कोण विचारतो? एकाहत्तर वर्षांचा हृदयाचा पेशंट, गोळ्या तिनंच दिलेल्या, घरातली माणसं रडवेली उभी. तिनं नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बॅगेतला छापील दाखला काढून 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असं लिहून दिलं. असे दाखले बारा वर्षांत तिनं किती लिहिले, तिलाही सांगता आलं नसतं. काकांचा मुलगा अपूर्व तो कागद घेऊन नगरपालिकेत पास काढायला गेलासुद्धा. पाच वाजता अमरधामला न्यायचं ठरलं होतं. आता बारा वाजत होते.

चादर वर ओढताना तिला तो डाग दिसला. नाकपुड्यांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत कातडी लालसर पिवळी पडली होती, कढत वाफ लागावी तशी. हृदय बंद पडून माणसाची हनुवटी भाजत नाही, एवढं कळायला एमबीबीएस व्हावं लागत नाही.

"काका नक्की कुठे होते?" तिनं इराला विचारलं. इरा म्हणजे अपूर्वची बायको, कामोठ्याला शिकवण्या घेणारी.

इरानं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. काकांची जहाजाची खोली. तिथे वास फार होता म्हणून काकांना बाहेर आणल्याबरोबर तिनं दार ओढून कुलूप घातलं होतं. नशरानं किल्ली मागितली. दार उघडलं तसा गोडसर, डोकं जड करणारा वास अंगावर आला. मार्चचा उकाडा, तरी खिडक्या बंद आणि पंखाही बंद. टेबलावर एक तपकिरी बाटली होती, बूच काढलेली. क्लोरोफॉर्म. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक चिकटवायला पाट्यावाले वापरतात ते.

बाटलीवर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवरचं वळणदार अक्षर नशरा लहानपणापासून ओळखत होती. 'मुश्ताक नेमप्लेट, टपाल नाका.'

तिच्या अब्बांची बाटली.

२

नशरा आतून कडी लावून खोलीत उभी राहिली.

टेबलाच्या मधोमध जहाज होतं. 'वैनतेय', नौदलाची जुनी गस्ती युद्धनौका, चार फुटांत उतरवलेली. काका मुंबईच्या एका खासगी गोदीत आयुष्यभर नकाशे काढत होते. पंचवीस वर्षांपूर्वी वैनतेय त्याच गोदीतून दुरुस्त होऊन सुटली आणि चौथ्या दिवशी तिच्या पोटात आग लागली. पाच खलाशी गेले. धुरानं वाटेतच बेशुद्ध पडले असा निकाल झाला आणि नौका पुढे बुडवून टाकली. रविवारी त्या पाच जणांच्या घरची माणसं पनवेलात जमायची होती. त्यांच्यासाठी काका दोन वर्षं हे जहाज करत होते.

जहाजाचा सांगाडा कुणीही करील, काका म्हणायचे, जीव जातो तो बारीकसारीक कामात. टाचणीएवढ्या तोफा, तांदळाएवढे खुंट, पितळी तारेचे कठडे, दोरीच्या शिड्या. प्रत्येक वस्तू काका दोनचार जास्तीच्या करायचे आणि त्यातल्या उत्तम तेवढ्या वापरायचे. उरलेल्या खणांच्या डबीत पडून असायच्या.

नशरा वाकून पाहत होती. डॉक्टरची नजर जखमेच्या कडेला आधी जाते. डेकवर सात चौकोनी झाकणं होती, नखाएवढी. खालून माणसाला वर यायच्या वाटांवरची ही झाकणं. सहांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या स्वच्छ होत्या. मागच्या बाजूच्या सातव्याभोवती मात्र राखाडी रंग चिघळून ओघळला होता.

टेबलाच्या कडेला अर्धी जळलेली मेणबत्ती होती. शेजारी प्लॅस्टिकच्या दहा काड्या मापानं कापून मांडलेल्या, त्यातल्या चार ज्योतीवर तापवून ओढून केसासारख्या बारीक केलेल्या. जहाजाच्या डोलकाठीवरच्या तारा. सहा काड्या अजून तशाच होत्या.

बाहेरून इरानं दार वाजवलं. तिचा आवाज खाली आला होता. ती म्हणाली, डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. सकाळी तुमचे अब्बा आले होते, आठला. मी साडेनऊला निघाले तेव्हा ते नुकतेच गेले होते. पावणेअकराला आले तर काका टेबलावर डोकं टेकून होते. मधे घरात कोणीच नव्हतं.

म्हणजे काकांना जिवंत पाहणारं शेवटचं माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गप्प बसणं सोपं होतं. पाचला काका जळून जातील, त्यांच्याबरोबर तो डागही जळेल, आणि कुणी कुणाला काही विचारणार नाही. तोंड उघडलं तर पहिला हात पडेल तो अब्बांच्या कॉलरवर. बाटलीवरचं नाव वाचलं की पुढचं वाचायची तसदी लोक घेत नाहीत, हे नशरा याच गावात शिकली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ती बाटलीला हात न लावता बाहेर पडली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

३

टपाल नाक्यावरच्या दुकानात मुश्ताक एका वकिलाच्या पाटीची अक्षरं कापत बसले होते. बातमी त्यांना कळली होती. डोळे सुजलेले, पण हात चालू. दुखलं की ते काम काढायचे.

नशरानं आडपडदा ठेवला नाही. सकाळी बाटली तुम्ही नेलीत का, काकांशी काही वाजलं का, सरळ विचारलं. तीस वर्षांची दोस्ती, एकाच ताटात जेवलेली माणसं, आणि पोटची मुलगी असं विचारते. मुश्ताकना लागलं, आणि लागलं हे त्यांनी बोलून दाखवलं. नशरानं ऐकून घेतलं. मग डाग सांगितला, बाटली सांगितली आणि स्वतःच्या सहीचंही सांगितलं.

मुश्ताकनी करवत खाली ठेवली.

"बाटली टेबलावर होती? आज?"

"हो."

"नामुमकिन. आज मेणबत्तीचा दिवस होता."

नशराला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. ज्योत आणि ही बाटली एका खोलीत आली की हवा जहर होते. कधीकाळी त्यांच्याच दुकानात असं झालं होतं, दोघं कामगार दोन दिवस खोकत होते. ते कृष्णकांतनं ऐकलं आणि नेमच करून टाकला. मेणबत्तीच्या दिवशी बाटली बाहेर, गॅलरीतल्या लाकडी पेटीत. तारा ओढताना झुळूक नको म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. बाटलीच्या दिवशी आधी खिडक्या सताड उघडायच्या, पंखा सोडायचा, मग बूच काढायचं. दोन वर्षांत एकदाही हा नेम चुकला नाही. बायकोनं सोवळं पाळावं तसा तो हा नेम पाळायचा, मुश्ताक म्हणाले आणि त्यांना हसू येता येता रडू आलं.

"मी निघालो तेव्हा दोन तारा ओढून झाल्या होत्या. म्हणाला, दहा ओढायच्यात, आज फक्त तारा."

चार झाल्या होत्या. सहा बाकी होत्या. म्हणजे मधेच कुणीतरी आलं. काकांच्या खोलीत ती बाटली असते हे त्याला ठाऊक होतं, पेटी कुठे तेही ठाऊक होतं, पण मेणबत्तीचा नेम ठाऊक नव्हता. बंद खिडक्या पाहून त्याला वाटलं असेल, बरंच झालं, म्हातारा वासानं गेला असंच दिसेल.

"अब्बा, मागच्या बाजूच्या सातव्या झाकणाचा रंग का ओघळलाय?"

मुश्ताकनी कपाळाला आठ्या घातल्या. "सातवं झाकण?" ते म्हणाले. "डेकवर सातवं झाकणच नाहीये. तिथे प्लॅस्टिकची छोटी पेटी आहे. परवा मीच कापून दिली. सकाळी नऊ वाजता मी ती जागेवर पाहिली."

४

परत येताना नशराला इमारतीच्या गेटवर गणू भेटला, शिरढोणचा, इथला वॉचमन. काकांना उचलून बाहेर आणायला इरानं त्यालाच हाक मारली होती. तिनं विचारलं, साडेनऊ ते पावणेअकरा कोण आलं गेलं.

"मॅडम, आमी सकालपासून हितंच हाय," गणू म्हणाला. "पान्याचा टँकर आलता, गेट सोडून जाता येत नाय. इराताई गेल्या, इराताई आल्या. भायेरचा कोनी नाय."

बाहेरचं कोणी नाही. मग आतलं कोण? हॉलमध्ये अपूर्व परत येऊन बसला होता, खिशात पास. तळोज्याच्या कारखान्यात सातची पाळी करून बायकोच्या फोनवर धावत आलेला. नशरानं त्याला गॅलरीत नेलं आणि एवढी घाई का म्हणून विचारलं. तो आधी चिडला, मग कठड्याला टेकून खाली बसला. काल रात्री बाबा म्हणाले होते, एक चूक दुरुस्त केली की जहाज पुरं, आणि माझंही काम संपलं. बंद खोली, उघडी बाटली. अपूर्वनं सुतावरून स्वर्ग गाठला होता. बाबांनी जीव दिला असं त्याला वाटत होतं, आणि रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसमोर त्यांचं नाव तसं निघू नये म्हणून तो धडपडत होता. त्याची पाळीची हजेरी कारखान्यात होतीच. नशराला त्याची कीव आली, पण तिनं अजून काही सांगितलं नाही.

लाकडी पेटी गॅलरीतच होती. तिचं झाकण उघडं आणि आत बाटलीएवढी गोल जागा रिकामी होती.

हॉलमध्ये माणसं जमत होती आणि मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायानं काकांची थोरवी गात होती. मधोमध समोरच्या फ्लॅटमधले कमलाकर बसले होते. काकांच्याच गोदीतले जुने सुपरवायझर, शुभ्र सदऱ्यातले. त्या पाच खलाशांच्या घरच्यांना पेन्शन मिळवून द्यायला त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. त्या घरांतून त्यांचा फोटो देवाशेजारी लावलेला असतो म्हणत. स्मारक समितीचे अध्यक्षही तेच. इरानं सकाळी त्यांची बेल वाजवली तेव्हा त्यांनी दार उघडलं नव्हतं. आंघोळीला होतो, असं नंतर म्हणाले.

नशरा त्यांच्याजवळ बसली. जहाज कुठपर्यंत आलं होतं, तिनं सहज विचारलं.

"मी काय सांगणार, बाळ? आठ दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही," कमलाकर म्हणाले. "समारंभाच्या कार्यक्रमावरून थोडं बिनसलं होतं आमचं. पण जहाज पुरंच आहे म्हणा. सातही झाकणं चोख बसवलीत त्यानं. रविवारी ते तसंच नेऊ या, कुणी हात लावायला नको."

नशरा मान हलवून उठली आणि सरळ स्वयंपाकघरात इराकडे गेली.

"इरा, काकांच्या जहाजाचा एखादा फोटो आहे तुझ्याकडे? अगदी अलीकडचा?"

इरानं ओल्या हातानं मोबाइल उघडला. काल रात्री जेवणानंतर काकांनी स्वतः बोलावून काढायला लावला होता, निमंत्रणासाठी. नशरानं तो बोटांनी मोठा केला. सहा झाकणं. आणि मागच्या बाजूला, सातव्याच्या जागी, एक राखाडी पेटी.

घड्याळात सव्वातीन झाले होते. खाली तिरडीचे बांबू उतरत होते.

५

नशरानं जहाजाची खोली उघडली आणि चौघांना आत बोलावलं: अपूर्व, इरा, कमलाकर आणि तोवर येऊन पोचलेले मुश्ताक. दाराशी ती स्वतः उभी राहिली.

सुरुवात तिनं स्वतःपासून केली. सकाळी मी न बघता सही केली, ती मी मागे घेतेय, ती म्हणाली. बाटलीतलं औषध नाकातोंडावर दाबून काकांना मारलं आहे. अपूर्व काही बोलू पाहत होता, तिनं त्याला थांबवलं आणि मेणबत्तीचा नेम सांगितला. तारांच्या दिवशी काका ती बाटली खोलीत येऊच देत नसत. म्हणजे ती दुसऱ्यानं आणली, आणि नुसती मारायला नाही. अब्बा, आता तुम्ही सांगा.

मुश्ताक जहाजाशी गेले. कृष्णकांत डेकवर नुसत्या चिकट्यावर काहीच बसवत नसे, ते म्हणाले. प्रत्येक वस्तूच्या पोटात तारेची पिन, डेकला तेवढंच भोक. रंग सगळा आधी, जोडणी मग, म्हणून त्याच्या कामात ओघळ नाही. त्यांनी चिमट्याच्या टोकानं सहाही झाकणं ढकलून पाहिली, एकही हललं नाही. सातव्याला टोक लावलं आणि ते मऊ पडलेल्या रंगावरून घसरून बाजूला झालं. त्याच्या पोटात पिन नव्हती. खाली डेकला दोन भोकं होती.

"झाकणाला एक पिन," मुश्ताक म्हणाले. "दोन पिना पेटीला."

ज्यानं पेटी उपटली त्यानं डबीतलं जास्तीचं झाकण घेतलं आणि बाटलीतलं औषध लावून चिकटवून दिलं. जहाजाची त्याला खडान्‌खडा माहिती होती, पण जहाज करण्याची नव्हती. नशरानं मोबाइल पुढे धरला. काल रात्री इथे पेटी होती. सकाळी नऊला होती. पावणेअकरानंतर खोलीला कुलूप आहे, आत इरा, गणू आणि मी सोडून कोणी आलेलं नाही. जहाजावर सात झाकणं फक्त त्या मधल्या सव्वा तासात आलेल्या माणसानं पाहिली.

"कमलाकरकाका, आठ दिवस तुम्ही इथे आला नाहीत. मग सात झाकणं तुम्ही कुठे मोजलीत?"

कमलाकरनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. नाकबूल करतील असं नशराला वाटलं होतं. त्यांनी खिशात हात घातला आणि अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी राखाडी पेटी टेबलावर ठेवली. तिच्या पोटातून दोन पिना बाहेर आल्या होत्या.

"टाकायला वेळच मिळाला नाही," ते म्हणाले. "सकाळपासून माणसं येतायत."

मग ते स्टुलावर बसले आणि सांगत गेले, अगदी हळू, कुणी विचारलं नसताना. गोदीतून सुटायच्या आदल्या दिवशी सातही झाकणं उघडून बघायची आणि कागदावर सही करायची हे त्यांचं काम होतं. सहा उघडली. सातव्यावर कुणीतरी हत्यारांची लोखंडी पेटी वेल्डिंग करून बसवलेली. ती कापायची म्हणजे दोन दिवस गेले असते आणि जहाज उद्या निघायचं होतं. त्यांनी सही केली. आगीत ती पाच पोरं त्याच झाकणाखाली सापडली. कृष्णकांतला नकाशावरून कळलं होतं. दोघं पंचवीस वर्षं गप्प राहिले. गेल्या आठवड्यात कृष्णकांत म्हणाला, जहाज करतोय तर खरं करीन.

"त्या आया माझ्या पाया पडतात," कमलाकर म्हणाले. "रविवारी त्यांनी ही पेटी बघितली असती. सकाळी मी हात जोडले त्याच्यापुढे. तो तार ओढत राहिला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

अपूर्व त्यांच्या अंगावर धावला, मुश्ताकनी त्याला कवेत धरलं आणि तो लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर रडला. नशरा पोलिसांना फोन लावत होती. कमलाकर तिच्याकडे पाहत होते, रागानं नव्हे, जवळच्या माणसाकडे पाहावं तसे.

"डॉक्टर, सकाळी तुम्हीसुद्धा बघितलं नव्हतंत," ते म्हणाले. "तुम्हाला पाच तास मिळाले. मला चार दिवस होते, मी काही केलं नाही."

६

पोलीस ठाण्यात मुश्ताकना रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं. बाटली त्यांची होती, तेव्हा चार प्रश्न त्यांना जास्त विचारले गेले, त्यातले दोन विचारायची गरज नव्हती. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. अपूर्व त्यांच्या शेजारी बाकावर बसून होता. जबाब संपल्यावर त्यानं विचारलं, चाचा, रविवारच्या आत ती पेटी परत बसवता येईल का? मुश्ताक म्हणाले, पुराव्यातून सुटणार नाही, पण माप माझ्याकडे आहे, दुसरी कापतो.

आतल्या खोलीत इन्स्पेक्टरनं नशराचा जबाब संपवत आणला होता. दाखल्याची गोष्ट त्यानं गाळली होती. गावातली डॉक्टर, तिनंच खून उघडकीला आणला, उगाच तिच्या मागे मेडिकल कौन्सिलची चौकशी कशाला, असा त्याचा भला विचार.

"ते लिहा," नशरा म्हणाली.

"मॅडम, गरज नाहीये. हात दाखवून अवलक्षण."

"सगळ्यांत आधी लिहा. मी मृताचा चेहरा नीट न बघता सही केली."

इन्स्पेक्टरनं खांदे उडवले आणि हवालदाराला खूण केली. नवा कागद घेऊन जबाब पुन्हा पहिल्यापासून लिहिला गेला. अर्धा तास गेला. मग चार पानं तिच्यापुढे सरकवून हवालदारानं शेवटच्या पानावर, सही कुठे करायची तिथे, बोट ठेवलं आणि पेन दिलं.

नशरानं पेन बाजूला ठेवलं आणि पहिलं पान उचललं.

"सगळं तुम्ही सांगितलेलंच आहे, मॅडम," हवालदार म्हणाला.

"असेल," ती म्हणाली आणि वाचत राहिली.